बावीस डबे

३ फेब्रुवारी, सोमवार

एक लाख नव्वद हजार माणसं, अकरा हजार खेचरं, तोफा, दारूगोळा, तंबू, पावाच्या भट्ट्या — आणि रूळ एकेरी! मेजरसाहेब म्हणतात, "लढाई थांबली, आता पंचावन्न दिवसांत सगळ्यांना घरी पोचवायचं." म्हणायला काय जातं! तक्ता मला काढायचाय.

काढला. दिवसाला चार गाड्या. त्यावर एक बसत नाही, कारण गेलेले डबे रिकामे होऊन परत यायला लागतात आणि समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायची तर स्टेशनातच. एकूण गाड्या दोनशेबारा. परवापासून सुरुवात.

क्रम वरून ठरून आलाय. आधी लढणाऱ्या पलटणी, मग तोफा, शेवटी पुरवठा. शेवटचा माणूस हलेपर्यंत त्याला खायला घालणारं कुणीतरी मागं हवंच ना. आणि पुरवठ्याच्याही मागं आम्ही, वाहतूक कचेरी. गाडी नंबर दोनशेबारा, २९ मार्च.

सगळ्या जगाला घरी पाठवायचं आणि मग दिवा मालवून आपण निघायचं. वा रे नशीब!

४ फेब्रुवारी

कचेरी म्हणजे शाळेचा वर्ग. बाकं लहान मुलांची, बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. खिडक्यांच्या काचा लढाईत काळ्या रंगवल्या होत्या, त्या अजून तशाच. भर दुपारी दिवा लावून बसतो. बाहेर ऊन आहे की ढग, हे मला आत येणाऱ्याच्या कपाळावरून कळतं.

तक्ता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आडव्या रेघा म्हणजे स्टेशनं, उभ्या म्हणजे तास, तिरकी रेघ म्हणजे गाडी. रोज सकाळी आठला त्या दिवसाची यादी दारावर लावायची — नंबर, कुणाची पलटण, किती डबे, किती वाजता. बस्स. एवढ्या चार रकान्यांसाठी दारात हजार माणसं माना उंचावून उभी असतात.

शाळेच्या बाई येऊन गेल्या. "साहेब, मुलांना आत कधी घेऊ?" म्हटलं, दोनशेबारा गाड्या गेल्या की. त्यांनी लगेच अंगणात मुलांना पाढे म्हणायला लावले, तेही अगदी माझ्या खिडकीखाली! सूडच उगवला बाईंनी.

५ फेब्रुवारी

पहिली गाडी सुटली. आठ मिनिटं उशिरा. माणसं टपावर बसून ओरडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

८ फेब्रुवारी, शनिवार

धाकटा आला होता. त्याची खेचरांची कंपनी इथून दोन कोसांवर उतरलीय. चार वर्षं लढाईत, आणि भाऊ भेटतो तो खेचराचा वास घेऊन. मिठी मारली तर सगळा वास माझ्या सदऱ्याला.

तक्त्यापुढं उभा राहिला. "दादा, आम्ही कुठं?" दाखवलं. गाडी एकशे अडुसष्ट, १८ मार्च.

त्यानं बोटांवर दिवस मोजले. जूनमध्ये रजेवर घरी जाऊन आला होता; त्याच्या बायकोचे दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरतायत. मला माहीत होतं. पहिलं गेलं तेव्हा हा खंदकात होता, आणि ती एकटी. आईनं लिहिलं होतं की पोरगी महिनाभर भिंतीकडं तोंड करून बसायची. या खेपेला तिनं याला लिहिलंय, "तुम्ही असाल तरच मला धीर राहील."

"दादा, तुझ्याच हातात आहे ना सगळं?"

म्हटलं, माझ्या हातात पट्टी आणि पेन्सिल आहे. हसला नाही. चहा अर्धा टाकून गेला.

१० फेब्रुवारी

दिवसभर त्याच रेघेकडं बघतोय. १६८. पुरवठा शेवटी. हा नियम बरोबर आहे. मी असतो तर हाच केला असता. मरो तो नियम!

१२ फेब्रुवारी, बुधवार

लिहू की नको? लिहितो. ही वही कुणी वाचत नाही.

तक्त्याला माणसं दिसत नाहीत, डबे दिसतात. ही आमच्या धंद्यातली खोड. बावीस डब्यांच्या जागी बावीस डबे घातले की इंजिनाला फरक पडत नाही, घाटाला पडत नाही, मेजरसाहेबांना तर मुळीच पडत नाही. ते शेवटचा बेरजेचा आकडा बघतात आणि सही ठोकतात.

धाकट्याची कंपनी: खेचरांचे बारा डबे, चाऱ्याचे तीन, खेचरगाड्यांचे पाच, माणसांचे दोन. बावीस.

गाडी सत्तावन्न, १९ फेब्रुवारी. त्यात सफरमैनांची एक कंपनी आहे — पूल बांधणारे, रस्ते करणारे, एकशे चाळीस माणसं. माणसांचे पाच डबे, होड्या-फळ्यांचे सतरा. बावीस!

काही तरी कारण हवं होतं. ते कसं सुचलं, माझी मलाच लाज वाटते. म्हटलं, "साहेब, पुढच्या नदीवरचा पूल तात्पुरता आहे, लाकडी. अजून जड तोफा जायच्यात. सफरमैना जवळ असलेले बरे." साहेब कप खाली ठेवून म्हणाले, "बरोबर बोलतोस. तुझं डोकं चालतं हं!" सही.

अदलाबदल झाली. सत्तावन्नमध्ये खेचरं, एकशे अडुसष्टमध्ये सफरमैना.

तारमास्तरांनी पुढच्या स्टेशनांना दोन्ही बदल कळवले. माझ्याच आडनावाचा भाऊ त्या कंपनीत आहे, हे त्यांना ठाऊक आहे. मी त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "मी तारा पाठवतो. वाचत नाही."

१३ फेब्रुवारी

सफरमैनांचा हवालदार आला. धिप्पाड माणूस, सुताराचा हात, दोन बोटं अर्धी. मी म्हटलं, आली का बला! पण भांडला नाही.

"साहेब, सत्तावीस दिवस मागं गेलो आम्ही. काही चुकलं का?"

"पुलासाठी. वरून हुकूम आहे."

"मग ठीक. पूल म्हणजे आपलंच काम." जाता जाता माझं बाक बघितलं. "हे काय साहेब, शाळेत नाव घातलंय का पुन्हा?"

तासाभरात एक उंच स्टूल घेऊन आला. होडीच्या फळीचं. आता त्यावर बसून हे लिहितोय. कंबर दुखत नाही, त्याचंच दुःख आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटा गेला. प्रत्येक डब्यात चार खेचरं इकडे तोंड, चार तिकडे, मधे दोन माणसं. हा मधल्या मोकळ्या जागेत उभा, एका खेचराच्या गळ्यात हात टाकून, आणि हसतोय असा की दात मोजून घ्यावेत. "दादा, तुझ्यामुळं रे!" — हे मोठ्यानं! फलाटभर! मी हातवारे करून गप्प बस म्हणतोय आणि हा आणखी जोरात.

चार दिवसांत कपडेछावणी. तिथं बंदूक आणि गणवेश जमा करायचा, साधे कपडे आणि सुटकेचा कागद घ्यायचा. त्या कागदावर सही झाली की लष्कराचा त्या माणसावरचा हक्क संपला. जीव भांड्यात पडला.

फलाटाच्या टोकाला हवालदार उभा होता, आपल्या गाडीला हात करावा तसा हात करत. त्याचीच गाडी होती ती.

२४ फेब्रुवारी

तार: "कपडे मिळाले. टोपी ढगळ. निघालो घरी." ढगळ टोपीसाठी पैसे खर्च करून तार! गाढव.

२६ फेब्रुवारी

पुरवठा शेवटी का, ते आता कळतंय. खेचरं गेली, पावाची पोती भट्टीपासून फलाटापर्यंत आणायची कुणी? दीड मैल. परवा गाडी अठ्ठ्याहत्तर पाऊण तास अडली, नऊशे माणसं डब्यांतून "पाव! पाव!" करून पाट्या बडवत होती. मेजरसाहेबांनी रिकाम्या हाताची कंपनी शोधायला सांगितली. रिकाम्या हाताची कोण? सफरमैना.

आता रोज सकाळी एकशे चाळीस माणसं पाठीवर पोती घेऊन माझ्या खिडकीवरून जातात. काच काळी आहे म्हणून दिसत नाहीत. बूट ऐकू येतात.

२८ फेब्रुवारी

आणि आता ऐका! तो पूल खरंच खचला. दोन खांब. जड तोफांची गाडी अलीकडंच अडली, हलक्या तेवढ्या जपून सोडल्या. सफरमैनांनी छातीभर पाण्यात दीड दिवसात आधार दिले, गाडी पार. मेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "मी म्हटलंच होतं, याला लांबचं दिसतं!"

हवालदारसुद्धा टाळ्या वाजवत होता. ओले कपडे, ओठ निळे. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

३ मार्च, सोमवार

हिचं पत्र. नेहमीसारखं चार ओळींचं. "भावजींना आणलंत, चांगलं केलंत. काळजीनं गप्प झालेल्या सासूबाई पुन्हा बोलायला लागल्यात. आता स्वतःला आणा. मी काही यादीत नाव शोधायला येऊ शकत नाही."

पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा नको म्हणून खिशात घातलं.

५ मार्च

मुलगी! दोघी ठणठणीत. धाकट्यानं बाळंतिणीच्या दाराबाहेर बसून सगळ्यांना हैराण केलं म्हणे. आईनं लिहिलंय, "तो होता म्हणून तिनं धीर सोडला नाही." म्हणजे मी केलं ते बरोबर केलं. बरोबर! शंभरदा विचारा, शंभरदा करेन.

आनंदात हवालदाराला सांगून बसलो. काय गरज होती? त्यानं संध्याकाळच्या आत लाकडाचा खुळखुळा करून आणला. आत वाटाणे. "तुमच्या पुतणीला. आमची थोरली याच्याशीच खेळायची." मग आपणच हिशेब केला, थोरली आता अकरा वर्षांची. धाकटीनं बापाला फोटोतच पाहिलंय. ती याला पत्र लिहिते ते 'फोटोतले बाबा' असं. हसत सांगत होता. मी खुळखुळा हातात धरून मूर्खासारखा बसलेलो, आणि तो हलला की वाजतो.

७ मार्च, शुक्रवार

सांगून टाकायचं ठरवलं. मेजरसाहेबांकडं गेलो, "साहेब, सफरमैनांबद्दल जरा —"

"अरे, मीच तुला बोलावणार होतो!" टेबलावरचा कागद पुढं केला. माझी शिफारस! पूल, वेळा, दूरदृष्टी, आणि काय काय. शेवटी: अशा माणसाला इतक्यात सोडू नये. मुख्य कचेरीत आणखी सहा महिने.

"सहा महिने, साहेब?"

"तुझ्याशिवाय चालायचं नाही रे."

सलाम ठोकून बाहेर आलो. खरं सांगितलं तर शिक्षा, तुरुंगही असेल. नाही सांगितलं तर बढती आणि सहा महिने. दोन्हीकडं घर नाहीच! हिला काय लिहू?

तारमास्तर म्हणाले, "सांगून काय होणार? तुमचं मन हलकं होईल, त्यांचा दिवस थोडाच अलीकडं येणार." खरंय ते. पण म्हणून काय झालं!

९ मार्च

रविवार. अठरा तारखेपर्यंत नऊ दिवस. नऊच तर. नऊ दिवसांत काय होतंय.

१० मार्च, सोमवार

तारमास्तर आज गंभीर होते. तहावर सह्या अजून झालेल्या नाहीत म्हणे, बोलणी लांबतायत, सरहद्दीवर कुरबुर. मेजरसाहेबांनी उडवून लावलं — "सह्यांचं काय, शाई वाळायला वेळ लागतो." मीही हसलो. नंतर मात्र हसू टिकलं नाही.

तक्त्यात सफरमैनांना पुढं कुठं सरकवता येईल ते बघतोय. बावीस डब्यांचं कुणीच नाही. एकोणीसचे आहेत, सव्वीसचे आहेत. एकोणीसच्या जागी बावीस घातले तर घाटात इंजिन थकेल. बारा फेब्रुवारीला किती पटकन सापडले होते बावीस!

११ मार्च

हवालदार पोती उतरवून पाणी प्यायला आला. मी त्याच्याकडं न बघता म्हटलं, "तुमचं मी काहीतरी करतो. आधीचा नंबर लावून देतो."

"खरं?"

"शब्द देतो."

असा शब्द मी कशाच्या जोरावर दिला? त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. अर्धी बोटं खरबरीत लागली. "बाकीच्यांना सांगू का साहेब?" म्हटलं, इतक्यात नको. बाहेर गेला आणि दोन मिनिटांत अख्खी कंपनी ओरडली. पोटात काही राहत नाही या माणसाच्या!

१३ मार्च, गुरुवार

सापडलं असतं. आजची एकशे पंचेचाळीस, इस्पितळाची गाडी. त्यांचे चार डबे नादुरुस्त निघाले, म्हणजे जागा होती. सफरमैनांच्या होड्या-फळ्या मागं ठेवून नुसती माणसं चढवली असती तर पाच डबे बसत होते. ओढाताण झाली असती, पण बसत होते. माझ्या लक्षात हे कधी आलं? गाडी सुटल्यावर वीस मिनिटांनी. होड्या मागं ठेवता येतात हे मला सुचलंच नाही! बावीस म्हणजे बावीस. महिनाभर मी त्या माणसांना होड्यांना बांधून ठेवलंय. भावासाठी खोटं सुचतं, आणि यांच्यासाठी साधी वजाबाकी सुचत नाही.

तक्त्यावर डोकं आपटावंसं वाटलं. खिडकी उघडावी म्हटलं तर रंगानं चिकटून बसलीय.

१४ मार्च

उद्या करतो. उद्याच्या एकशे त्रेपन्नमध्ये पाच डबे काढलेत, मेजरसाहेबांची सही घेतली. होड्या मागून येतील, नाहीतर नदीत जाऊ देत. उद्या दुपारी दोनला सफरमैना सुटले! महिन्याभरात आज पहिल्यांदा जेवण गेलं. हिला पत्र लिहिलं, सहा महिन्यांचंही लिहून टाकलं. उद्या मेजरसाहेबांना सगळं सांगतो. मग होऊ दे काय व्हायचं ते.

१५ मार्च, शनिवार

सात वाजता तार आली. लढाई पुन्हा पेटली. कपडेछावणीत सुटलेल्यांना हात लावायचा नाही, बाकी सगळ्या गाड्यांची तोंडं फिरवून सरहद्दीकडं. सरहद्दीवरचे पूल उडवलेत, म्हणून सर्वांत आधी सफरमैना, होड्यांसकट. बावीस डबे, नऊ वाजता. कंपन्यांना हुकूम वाचून दाखवेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.

आठला यादी दारावर लावली. आमच्या यादीत दिशेचा रकाना नाही, कधी लागलाच नव्हता. हवालदारानं आपल्या कंपनीचं नाव सगळ्यांत वर बघितलं आणि धावत आत येऊन मला स्टुलावरून उचलूनच घेतलं. "शब्द पाळलात, साहेब!"